झाकणातून धूर आला म्हणजे इंजिन गेलं?

सातारा-सांगलीकडे गाडीचं निदान ऑइलच्या झाकणापासून सुरू होतं. चालू इंजिनाचं झाकण काढायचं, भकभक धूर दिसला की निकाल तयार: "रिंगा गेल्या. इंजिन काढावं लागतंय." हे अज्ञानातून येत नाही, उलट जुन्या अनुभवातून येतं. साताऱ्याच्या कूपरची आणि किर्लोस्करांची डिझेल इंजिनं विहिरींवर धडधडत होती, तेव्हा त्यांच्यावर हात काळे करून या भागातले मिस्त्री तयार झाले. त्या इंजिनांचा ब्रीदर, म्हणजे आतला गॅस बाहेर सोडणारी वाट, हवेतच उघडायचा. मोटारीचा आता तसा उघडत नाही, आणि बहुतेक गैरसमजांचं मूळ याच फरकात आहे.

धुराचंच घ्या. रिंगा कोऱ्या असल्या तरी स्फोटातला थोडा गॅस त्यांच्या कडेने निसटून खाली क्रँककेसमध्ये उतरतोच. तो कोंडला तर दाब वाढतो, उघड्यावर सोडला तर न जळलेलं इंधन आणि तेलाची वाफ हवेत जाते. म्हणून १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाने हा गॅस परत इंजिनातच जाळायची सक्ती केली, आणि पुढे सगळ्या जगाने तेच केलं. पेट्रोल गाडीत तो एका पाइपातून आणि पीसीव्ही व्हॉल्वमधून इनटेक मॅनिफोल्डमध्ये खेचला जातो. आयडलिंगला ओढ जास्त म्हणून व्हॉल्व जवळजवळ मिटलेला, रस्त्यावर वेग धरला की मोकळा. डिझेलला मॅनिफोल्डची अशी ओढ नसते. तिथे पाइप टर्बोच्या अलीकडे जोडतात, आणि दाब सांभाळणारा रबरी पडदा बहुधा टॅपेट कव्हरमध्येच असतो. (साताऱ्यात बनलेल्या प्रिया स्कूटरला ही भानगडच नव्हती. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रणच क्रँककेसमधून वर जातं.)

आता हा व्हॉल्व किंवा पाइप तेलाच्या गाळाने तुंबला की कोंडलेला गॅस दुसरी वाट शोधतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग पाझरतं, क्रँकचं ऑइल सील गळतं, ऑइलची पट्टी आपोआप वर उचलली जाते, एअर फिल्टरच्या डब्यात तेल सापडतं. मालक सील बदलतो, महिन्याभरात ते पुन्हा गळतं, आणि दोष सीलच्या कंपनीला. सील बिचारं चांगलं असतं. दाब तसाच ठेवून कितीही सील घाला, तेल बाहेर येणारच. त्यावर "जाड ऑइल टाका" हा सल्ला तर वाईटच: गळती चार दिवस कमी दिसते, तुंबलेली वाट तुंबलेलीच राहते.

उलटा बिघाडही होतो. व्हॉल्व उघडाच अडकला किंवा पडदा फाटला की न मोजलेली हवा आत शिरते. आयडलिंग डळमळतं, कुठूनतरी शिट्टी ऐकू येते, झाकण ओढून काढावं लागतं. पसरणी घाट गिअरमध्ये उतरून वाईत आलात आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच निळा धूर निघाला, तर या बिघाडाचा संशय घ्यावा. अर्थात इंजिनाच्या व्हॉल्वची सीलं खराब असली तरी असंच होतं.

झाकणाखाली साचणारा पांढरट, लोण्यासारखा थर हा आणखी एक घाबरवणारा प्रकार. "हेड गॅस्केट गेलं" असं लगेच सांगितलं जातं. पण एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. बहुतेक सायलेन्सरमधून जातं, थोडं गॅसबरोबर खाली उतरतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात रोज दोन किलोमीटर फिरणारी गाडी तापतच नाही, मग ती वाफ झाकणाखाली थंड होऊन तेलात मिसळते. कूलंट कमी होत नसेल आणि पट्टीवरचं तेल स्वच्छ असेल, तर आधी गाडी लांब पल्ल्याला काढा आणि ब्रीदरचा पाइप तपासा.

मला सगळ्यात खटकतो तो "पाइप काढून खाली सोडा, इंजिन मोकळा श्वास घेतं" हा उपाय. टर्बो गाडीचा इंटरकूलर तेलापासून कोरडा राहतो, हे खरं. पण उसाच्या हंगामात शेतरस्त्यांवरची धूळ त्याच वाटेने थेट तेलात जाते, आणि मॅनिफोल्डकडचं तोंड उघडं राहिलं तर आयडलिंग बिघडतं. पीयूसी मिळाली म्हणून समाधान मानू नये. ती तपासणी फक्त सायलेन्सरच्या टोकाशी होते.

तपासायला फार काही लागत नाही. पेट्रोल गाडीत आयडलिंगला झाकणाच्या तोंडावर कागद ठेवा, तो हलका ओढला जायला हवा. व्हॉल्व हलवून खडखड आवाज आला म्हणजे तो चांगला, असं मानतात. त्यावरून तो अडकलेला नाही एवढंच कळतं, आतली स्प्रिंग थकली आहे का ते कळत नाही. अधिक नेमकं हवं तर गवंड्याची पारदर्शक लेव्हल-नळी आणा. एक टोक पट्टीच्या भोकात घट्ट बसवा, नळी यू आकारात लांब टांगून थोडं पाणी भरा, दुसरं टोक उघडं ठेवा. पाणी इंजिनाकडे किंचित सरकलं तर ओढ आहे. ते बाहेर ढकललं गेलं आणि रेस दिल्यावर आणखी चढलं, तर आत दाब आहे. जोरात इंजिनाकडे धावलं, तर नळी लगेच काढा आणि पडदा बघा.

दुरुस्तीत पाइपाची निवड चुकते. रेडिएटरचा पाइप इथे चालत नाही, तेलाने तो फुगतो. तेलाला टिकणारा, त्याच मापाचा घ्या. सुटा व्हॉल्व धुण्यापेक्षा बदललेला बरा. कव्हरमध्येच असेल तर बऱ्याच गाड्यांत पूर्ण कव्हर घ्यावं लागतं. वाटा साफ करा, ऑइल आणि फिल्टर बदला, सील त्यानंतर. मग हजार किलोमीटरनंतर पट्टी बघा. तेल तरीही झपाट्याने उतरत असेल, तर कॉम्प्रेशन मोजून घ्या. तेही कमी भरलं, की बोअर-रिंगांचा खर्च विचारायला हरकत नाही.