जुनी सायकल, नवा रंग

पोलादी फ्रेम गंजली तरी सहसा निकामी होत नाही. म्हणून जुन्या सायकली आम्ही भंगारात देत नाही. दहावीनंतर गावाहून दूरच्या महाविद्यालयात जाणाऱ्या विद्यार्थ्याचे शिक्षण कधी कधी अशा एका सायकलीवरच टिकून असते.

प्रथम सर्व भाग सोडवावेत. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यास सुटते. पॉलिश पेपरने गंज काढून सांध्यांजवळ तडे तपासावेत. तडा आढळल्यास रंगकाम थांबवावे. रंग तडा झाकतो, जोडत नाही. फ्रेम निर्दोष असल्यास रेड ऑक्साइड प्रायमर व त्यावर इनॅमलचे दोन पातळ हात द्यावेत. जाड हात ओघळतो. फ्रेमवर ठोकलेला क्रमांक लांबीने बुजवू नये. सायकल चोरीस गेल्यास त्यावरूनच ओळख पटते.

रंग पूर्ण वाळल्यावर नावाचे स्टिकर लावावेत. रेडियमच्या दुकानात अक्षरे हवी तशी कापून मिळतात. साबणाचे पाणी शिंपडून स्टिकर ठेवल्यास तो सरकवून सरळ करता येतो. मग मधून कडांकडे पुसत पाणी व बुडबुडे काढावेत.

मधल्या दांडीवर आम्ही देणगीदाराचे नव्हे, तर सायकल मिळणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव लावतो. मग ती दानाची राहत नाही, त्याची होते.