एरंडेल वंगण
एंजिनाच्या घासणाऱ्या भागांसाठी वंगण म्हणून वापरण्यात येणारे एरंडाच्या (रिसिनस कम्युनिस) बियांचे तेल. भारतात बैलगाडीच्या आसास एरंडेल लावण्याची रीत जुनी आहे. अंतर्ज्वलन एंजिनांत मात्र त्याला विसाव्या शतकाच्या आरंभी महत्त्व आले.

गुणधर्म : एरंडेलातील वसाम्लांपैकी सु. ८५–९०% भाग रिसिनोलीइक अम्लाचा असतो. या अम्लाच्या बाराव्या कार्बन अणूवर हायड्रॉक्सिल गट असतो. त्यामुळे रेणूंमधील आकर्षण वाढून तेलाची श्यानता (दाटपणा) इतर बहुतेक वनस्पतिज तेलांपेक्षा पुष्कळ जास्त होते. रेणू धातूच्या पृष्ठास घट्ट चिकटत असल्याने भार वाढला, तरी वंगणाचा थर सहसा तुटत नाही. एरंडेल अल्कोहॉलात विरघळते. पेट्रोलात मात्र सहज विरघळत नाही.

उपयोग : फ्रान्समध्ये १९०९ च्या सुमारास प्रचारात आलेल्या नोम या विमान एंजिनात भुजादंड स्थिर राही व सिलिंडर त्याभोवती फिरत. इंधनाचे मिश्रण भुजादंडाच्या पेटीतूनच आत जाई. तेथे खनिज तेल पेट्रोलात विरघळून पातळ झाले असते. म्हणून एरंडेल वापरीत. ते एकदाच वापरले जाऊन निष्कासित वायूंबरोबर बाहेर पडे. पहिल्या महायुद्धातील सॉपविथ कॅमल या ब्रिटिश विमानातही अशीच फिरती एंजिने होती. ‘कॅस्ट्रॉल’ हे वंगणाचे व्यापारी नाव एरंडेलाच्या ‘कॅस्टर ऑइल’ या इंग्रजी नावावरून पडले.

दोष : रिसिनोलीइक अम्लातील द्विबंधाच्या ठिकाणी हवेतील ऑक्सिजनाची विक्रिया होऊन तेल घट्ट होत जाते व दट्ट्याच्या कड्यांवर डिंकासारखा थर बसतो. मोटारगाडीत तेच तेल दीर्घकाळ खेळत राहत असल्याने हा दोष तेथे अधिक जाचक ठरतो. थंडीत तेल फार दाट होते. समावेशके घातलेली खनिज तेले स्वस्त व टिकाऊ ठरल्याने एरंडेल मागे पडले. मिथेनॉलावर चालणाऱ्या प्रतिकृती विमानांच्या एंजिनांत ते अजूनही वापरतात.

एरंडेलापासून मिळणाऱ्या सेबॅसिक अम्लात द्विबंध नसतो. म्हणून त्याची एस्टरे ऑक्सिडीकरणास अधिक टिकतात. शिवाय ती थंडीतही प्रवाही राहतात. जेट एंजिनांच्या आरंभीच्या संश्लेषित वंगणांत ती वापरली गेली. अशा रीतीने मूळ तेल मागे पडले, तरी त्यापासून बनविलेली संयुगे विमानविद्येत उपयोगी पडली.