घटवलेलं वजन परत का येतं?

‘जिभेवर ताबा नाही, म्हणून वजन परत वाढलं.’ डाएट करून उतरवलेले किलो पुन्हा चढले की हे वाक्य ठरलेलं. ते चूक आहे आणि घातकही, कारण ते खरं मानणारा माणूस पुढच्या खेपेला आणखी कडक उपास करतो. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पन्नास स्थूल व्यक्तींना दहा आठवडे अत्यंत कमी कॅलरींचा आहार दिला. वर्ष उलटलं, वजन परत येऊ लागलं, तरी भूक चेतवणारं घ्रेलिन चढलेलं आणि चरबीच्या साठ्याची वर्दी देणारं लेप्टिन उतरलेलंच होतं. अमेरिकेतल्या ‘द बिगेस्ट लूजर’ या कार्यक्रमातल्या १४ स्पर्धकांचं शरीर तर सहा वर्षांनंतरही अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. शरीराला डाएट आणि दुष्काळ यांतला फरक कळत नाही. मग काहींचं वजन टिकतं कसं? टिकतं, पण त्यामागे बहुधा वर्षानुवर्षांचा व्यायाम आणि सततची देखरेख असते; त्यावरून बाकीच्यांना आळशी ठरवणं अन्याय आहे.

‘वाढलं तर वाढलं, पुन्हा कमी करू’ हेही निर्धास्तपणे बोललं जातं. मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. पोटभर जेवण मिळू लागल्यावर त्यांची चरबी स्नायूंच्या आधी भरून आली. झपाट्याने वजन उतरलं की पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो, याबद्दल वैद्यकात दुमत नाही. हृदयविकाराच्या साडेनऊ हजार रुग्णांच्या २०१७ मधल्या विश्लेषणात ज्यांचं वजन सर्वाधिक वरखाली झालं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं. आजारपणानेही वजन हलतं, त्यामुळे सगळा दोष डाएटवर ढकलता येणार नाही, हे मान्य. शिवाय ‘पुन्हा कमी करणं’ वाटतं तितकं सोपं नसतं: डाएटच्या पहिल्या आठवड्यात उतरतं ते बरंचसं पाणी असतं. घामाने चरबी वितळत नाही. लिंबू-मधाचं पाणीही ती वितळवत नाही.

‘मग वजन कमी करूच नये का?’ असा अर्थ कुणी काढू नये. ब्रिटनमधल्या ‘डायरेक्ट’ चाचणीत कडक आहारानंतर वर्षभरात जवळपास निम्म्या रुग्णांचा टाइप २ मधुमेह औषधाविना आटोक्यात आला. तिथे वजन उतरल्यावर नेहमीचं जेवण हळूहळू सुरू केलं गेलं आणि पुढेही महिनोन् महिने मदत मिळत राहिली. लग्नाआधी ‘महिन्यात दहा किलो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डाएटमध्ये हा दुसरा टप्पाच नसतो.