टाकळा ओळखावा कसा?

पहिला पाऊस पडून पंधरवडा होतो न होतो, तोच भिवंडीच्या आसपास पडीक जमिनीवर व रस्त्यांच्या कडेला टाकळा उगवतो. कोवळा पाला उकळून, पाणी काढून टाकून, लसणीच्या फोडणीत चण्याची डाळ व ओले खोबरे घालून त्याची भाजी करतात. उकळल्याने पाल्याचा उग्रपणा आणि ऑक्झलेटचा काही भाग पाण्याबरोबर निघून जातो.

टाकळ्याचे संस्कृत नाव चक्रमर्द. गजकर्णाचे गोल चट्टे घालवणारा, असा त्याचा अर्थ सांगतात. गजकर्ण हा बुरशीमुळे होतो आणि टाकळ्याच्या बियांतील काही द्रव्ये बुरशीला रोखतात, हे प्रयोगशाळेत दिसले आहे. मात्र घरी वाटलेल्या लेपात हे द्रव्य किती उतरते, हे आपल्याला कळत नाही. म्हणून चट्टा पसरत असेल तर डॉक्टरांकडेच जावे.

खरी काळजी घ्यायची ती ओळखण्यात. टाकळ्याचा भाऊबंद कासविंदा त्याच जागी वाढतो. फुले दोघांचीही पिवळी आणि वासही दोघांना उग्र. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुले अचानक बेशुद्ध होऊन दगावत. हा मेंदूज्वर समजला जाई. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत डॉक्टरांनी त्याचा संबंध कासविंद्याच्या शेंगा खाण्याशी जोडला. त्यातील विषाने यकृत, स्नायू व मेंदू यांना इजा होते.

दोन्हींतील फरक साधा आहे. टाकळ्याच्या पानात पर्णिकांच्या बहुधा तीन जोड्या असतात व त्यांची टोके गोलसर असतात. कासविंद्यात चार ते सहा जोड्या, टोके अणकुचीदार. टाकळ्याची ग्रंथी पर्णिकांच्या खालच्या जोडीमध्ये, तर कासविंद्याची देठाच्या तळाशी असते. टाकळ्याची शेंग बारीक, लांब व वाकडी, कासविंद्याची चपटी.

जागाही पाहावी. महामार्गालगतचा किंवा रंगकारखान्यांच्या सांडपाण्याच्या नाल्याकाठचा पाला घेऊ नये. तेथील धूळ धुऊन जाईल, पण मुळांवाटे शिरलेले जड धातू उकळूनही जात नाहीत.

पावसाळ्यात दोन्ही झाडांच्या फांद्या वर्गात आणाव्यात. विद्यार्थ्यांनी पर्णिका मोजाव्यात, भिंगातून ग्रंथी शोधाव्यात, चित्रे काढावीत. चव मात्र कोणी घेऊ नये आणि शेवटी सर्वांनी हात धुवावेत. शंका असेल ते झाड घरी न्यायचे नाही, हा नियम एवढ्या अभ्यासातून आपोआप अंगवळणी पडेल.