ट्राउटचा घास ओळखताना

विषुववृत्तापासून अवघ्या 11 अंशांवरच्या निलगिरीत रेनबो ट्राउट हा थंड प्रदेशातला मासा शंभरहून अधिक वर्षे नांदतो आहे. 1863 मध्ये फ्रान्सिस डे यांनी इथे ट्राउट आणायचा केलेला प्रयत्न फसला होता. पुढे एच. सी. विल्सन यांनी 1907 मध्ये अव्हलांच इथे उबवणी केंद्र उभारले आणि रेनबो ट्राउट रुजला. ओढ्यांवर नंतर बांधलेल्या धरणांच्या पाण्यातही तो पसरला.

हे जमले ते उंचीमुळे: तिथे पाणी थंड राहते आणि थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त मावतो. समुद्रसपाटीला 10 अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 25 अंशांना जेमतेम 8. उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने त्यातला काही हिस्सा घटतो, तरी ट्राउटपुरता उरतो. महाराष्ट्रात मात्र सर्वांत उंच शिखर कळसूबाईच 1646 मीटरचे आणि धरणे त्याच्याही कितीतरी खाली; उन्हाळ्यात तिथले पाणी ट्राउटला सोसणार नाही.

वाहत्या ओढ्यात ट्राउट एका जागी थांबतो, खाणे प्रवाहच आणून देतो. साठलेल्या पाण्यात त्याला हिंडावे लागते. अशा जलाशयात त्याच्या खाण्याचा मोठा भाग म्हणजे कायरोनोमिड, डासासारखे दिसणारे पण न चावणारे कीटक. त्यांच्या अळ्या तळाच्या गाळात वाढतात. कोष झाला की तो अंगाला हलके हेलकावे देत वर येतो आणि पृष्ठताणाने ताणलेल्या पडद्याखाली अडकून राहतो. तो पडदा फोडून पंख बाहेर काढेपर्यंतचा वेळ त्याच्या जिवावर बेततो. पाण्यावर नुसता फुगवटा दिसला, तोंड दिसले नाही, तर ट्राउट वरच्या माश्या नव्हे, हे कोष टिपतो आहे असे समजावे.

फ्लाय फिशिंग करणारा नेमका हाच कोष हुबेहूब बनवतो: बारीक गळावर काळा दोरा, त्यावर चंदेरी तारेचे वेढे, डोक्याशी पांढरा झुबका. याला वजन जवळजवळ नसतेच, मग तो लांब जातो कसा? वजन असते जाड, लेप दिलेल्या दोरीत. काठी झटकून थांबवली की दोरीचे वेटोळे पोतराजाच्या आसुडासारखे पुढे उलगडत जाते आणि हलता भाग आखूड होत गेल्याने त्याचा वेग टिकतो. कोष पाण्यात पडल्यावर मात्र घाई नको. दोरी अगदी संथ ओढायची, कारण खरा कोष पळत नाही. मला या खेळातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो: मासा पकडण्याआधी कीटकाचे आयुष्य समजून घ्यावे लागते.

पण रेनबो ट्राउट जगातल्या 100 सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीतही आहे. पश्चिम घाटाच्या ओढ्यांत इतरत्र कुठेही न सापडणारे मासे आणि बेडूक आहेत. तेव्हा हौसेपोटी नव्या ओढ्यात किंवा तळ्यात हा मासा कुणीही सोडू नये.