मत्स्यपेटीचा सांधा

गेल्या मे महिन्यात इंदुरातील आमच्या घरी मत्स्यपेटीखालची फळी ओली दिसू लागली. पेटी २ फूट लांब, १ फूट रुंद आणि तितकीच उंच. तीत सुमारे ५० लिटर पाणी, म्हणजे ५० किलोंचा भार. आम्ही बाजारातून सिलिकॉनची एक नळी आणली, गळत्या कोपऱ्यावर बोटाने फासली आणि दुसऱ्याच दिवशी मासे परत सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी चारपैकी तीन गोल्डफिश पाण्यावर उलटे तरंगत होते. नातीने आम्हांला काहीच विचारले नाही, हेच अधिक लागले.

दुकानदार म्हणाला होता, "साहेब, काचेला हेच लावतात." ते खोटे नव्हते. मात्र नळीच्या पाठीवर बारीक अक्षरांत 'मत्स्यपेटीसाठी वापरू नये' असे छापलेले होते. प्रश्नपत्रिका आधी नीट वाचा, असे जन्मभर मुलांना बजावत आलेल्या आम्हांकडून ते वाचले गेले नव्हते.

आमच्या लहानपणी अशा पेट्या लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीत बसवीत आणि सांध्यांत खडूची भुकटी व जवसाचे तेल यांची लांबी भरीत. ती वाळून तडकली की पेटी गळे. आजच्या पेटीला चौकट नसते. काचेला काच धरून ठेवते ते केवळ सिलिकॉन. म्हणून त्याची निवड ही किरकोळ बाब राहत नाही.

सिलिकॉन हवेतील बाष्प शोषून घट्ट होते व तसे होताना काही द्रव्य बाहेर टाकते. एका प्रकारातून ॲसेटिक आम्ल निघते. त्याचा व्हिनेगरसारखा उग्र वास घरभर पसरतो. गृहिणी नाक मुरडतात, आणि वास नसलेला प्रकार सौम्य असावा, अशी समजूत होते. वस्तुस्थिती अशी की आंबट वासाचे, निव्वळ सिलिकॉन काचेला उत्तम चिकटते आणि पूर्ण वाळून वास गेल्यावर माशांना अपाय करीत नाही. खरा धोका वासात नसून मिश्रणात आहे. स्नानगृहासाठी विकल्या जाणाऱ्या कित्येक नळ्यांवर 'बुरशीरोधक' असे मोठ्या अभिमानाने लिहिलेले असते. बुरशी मारणारे ते द्रव्य पाण्यात उतरले की माशांनाही मारते. आमची नळी त्याच जातीची होती. तेव्हा 'शंभर टक्के सिलिकॉन' आणि 'मत्स्यपेटीस योग्य' हे दोन्ही शब्द दिसल्याखेरीज नळी घेऊ नये. सिमेंटच्या हौदाला मात्र हे आंबट सिलिकॉन लावू नये. आम्ल आणि सिमेंटमधील चुना यांचे जमत नाही, सांधा सुटतो.

दुसरी चूक ठिगळाची. जुन्या, वाळलेल्या सिलिकॉनवर नवे धड चिकटत नाही. या खेपेस आम्ही पेटी रिकामी केली आणि आतल्या कडांवरचा जुना थर ब्लेडने पूर्ण खरवडला. दोन काचांच्या मधल्या थराला हात लावला नाही. पेटी त्यावरच उभी असते. ॲसिटोनने काच पुसली (नेलपॉलिश काढण्याचे सुगंधी द्रावण नव्हे, त्यात तेल असते), दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली, एका दमात रेघ ओढली, बोट एकदाच फिरविले आणि साय धरण्यापूर्वी पट्ट्या काढल्या. बोटाला साबण लावण्याची सुतारांची युक्ती येथे कामाची नाही.

मग थांबणे आले. साय पाव तासात धरते, पण आतला भाग दिवसाला दोन-तीन मिलिमीटर एवढाच वाळत जातो. आणि आमच्या माळव्याच्या कोरड्या उन्हाळ्यात, हवेत बाष्पच नसल्याने, त्याहूनही सावकाश. आम्ही आठ दिवस थांबलो. त्यानंतर पेटीखाली वर्तमानपत्र अंथरून पाणी भरले, दोन दिवस ठेवून ते ओतून दिले आणि मगच शिळे, क्लोरीन उडून गेलेले पाणी घातले. वर्तमानपत्र कोरडे राहिले.

उरलेला एक मासा एवढे दिवस बादलीत होता. तो आता पेटीत आहे. त्याला सोबती आणावेत का, असे आम्ही नातीला विचारले. "आधी हा किती दिवस राहतो ते बघू, आजोबा," असे ती म्हणाली.