लहान पिस्तूल घेण्यापूर्वीं

स्वसंरक्षणासाठीं जवळ बाळगावयाचें पिस्तूल कसें निवडावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. तो ऐकून कांहीं श्रोत्यांच्या भुंवया वर चढतील हें मी जाणून आहें. परंतु भिवंडीसारख्या गांवांत, जेथें मागांच्या खडखडाटांत दिवस उगवतो आणि मावळतो, जेथें सुताचे, कापडाचे आणि गोदामांचे व्यवहार रात्रीं उशिरापर्यंत चालतात, तेथें हा प्रश्न पुष्कळ घरांतून केव्हांना केव्हां तरी निघतो. मजुरी वाटण्यासाठीं रोकड घेऊन धामणकर नाक्यावरून कारखान्याकडे जाणारा मालक, किंवा वसुली आटोपून कल्याण रस्त्यानें एकटाच परतणारा व्यापारी, ‘एखादें लहानसें, फार महाग नसलेलें आणि कोणाच्या नजरेस न येणारें हत्यार जवळ असावें’ असें म्हणूं लागला तर त्यांत नवल नाहीं. अशा गृहस्थाला उपदेश करण्यापेक्षां माहिती देणें मला अधिक उपयुक्त वाटतें.

पहिली गोष्ट ही कीं, निवडीचें बरेचसें काम कायद्यानें आधींच उरकून ठेवलेलें आहे. दुकानांत शिरल्याबरोबर कांचेच्या कपाटांत शेंपन्नास नमुने मांडलेले दिसतील, ही कल्पना परदेशी चित्रपटांतून आलेली आहे. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय असतांना १८७८ सालीं जो हत्यारांचा कायदा झाला, त्यांत युरोपियनांस सूट आणि आपल्या लोकांस परवान्याची सक्ती अशी उघड विषमता होती. १९५९ च्या कायद्यानें ती विषमता गेली. परवाना मात्र राहिला, आणि तो राहिला हें योग्यच झालें. लष्कर व पोलीस ज्या मापांचीं काडतुसें वापरतात तीं मापें, म्हणजे ९ मिलिमीटर, ०.३८ वगैरे, सामान्य नागरिकास वर्ज्य आहेत. उरतें तें मुख्यतः ०.३२ आणि त्याच्याखालीं ०.२२. परदेशी हत्यारांची खासगी आयात १९८० नंतरच्या दशकांत बंद झाली. त्यामुळें त्यापूर्वीं आलेलीं जुनीं विलायती व जर्मन पिस्तुलें आज एका परवानेदाराकडून दुसऱ्याकडे कित्येक लाख रुपयांस जातात. तीं सुबक असतात यांत शंका नाहीं. पण ज्याला माफक किंमतींत काम भागवावयाचें आहे त्यानें त्या वाटेस जाऊं नये. सुटा भाग मोडला तर तो मिळणार कोठून?

या ०.३२ मापाचा महाराष्ट्राशीं जुना संबंध आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं बेल्जममधील एका कारखान्यानें जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराच्या रचनेचें खिशांत मावणारें पिस्तूल बाजारांत आणलें. १९०९ सालीं सावरकरांनीं लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर पेटीच्या चोरकप्प्यांतून जीं वीस पिस्तुलें मुंबईस धाडलीं, तीं ब्राउनिंगच होतीं. आणि त्याच वर्षीं २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहांत अनंत कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सनवर झाडलें तें त्यांतलेंच एक. आज परवान्यावर मिळणारें ०.३२ चें देशी पिस्तूल ब्राउनिंगनें योजिलेल्या काडतुसावरच चालतें. शतक उलटलें, तरी खिशांतल्या हत्याराची मूळ कल्पना फारशी बदललेली नाहीं.

येथें एक घोटाळा टाळला पाहिजे. ०.३२ चें पिस्तूल आणि ०.३२ चें रिव्हॉल्व्हर यांचें माप बोलण्यांत एकच असलें तरी काडतूस एक नव्हे. रिव्हॉल्व्हरचें काडतूस लांब असून त्याच्या बुडाला ठळक कंगोरा असतो. पिस्तुलाचें आंखूड असतें. एकाचें दुसऱ्यांत चालत नाहीं. काडतुसें परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेंतच मिळतात, तेव्हां तीं चुकीचीं आणणें परवडणारें नाहीं.

आतां बाजारांत आहे काय? कानपूरच्या सरकारी कारखान्यांतलें सहा गोळ्यांचें ०.३२ रिव्हॉल्व्हर हें सर्वांत परिचित. बंगालमधील कारखान्यांतून ‘अशनि’ नांवाचें ०.३२ पिस्तूल निघतें. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ मधील भयंकर घटनेनंतर, स्त्रियांस वापरतां यावें म्हणून, जानेवारी २०१४ मध्यें कानपूरनें सुमारें ५०० ग्रॅम वजनाचें ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढलें. त्याची तेव्हांची किंमत १,२२,३६० रुपये होती. ज्या कामकरी स्त्रीला रात्रीं आठच्या गाडीनें घरीं परतावयाचें, तिच्या आठ-दहा महिन्यांच्या पगारांत तें बसलें असतें किंवा नसतें, याचा विचार कोणी केला होता कीं नाहीं देव जाणे. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यानें ‘निडर’ हें ०.२२ चें रिव्हॉल्व्हर आणलें. वजन अवघें २५० ग्रॅम आणि जाहीर झालेली किंमत ३५,००० रुपयांच्या आसपास. २०२१ सालीं सरकारी कारखान्यांच्या कंपन्या झाल्यावर ऑगस्ट २०२३ मध्यें कानपूरहून ‘प्रबळ’ आलें, तें ०.३२ चेंच, वजन ७०० ग्रॅम, आणि त्याची चक्री बाजूला उघडते. या किंमतींवर कर निराळा. २२ सप्टेंबर २०२५ पासून पिस्तुलें व रिव्हॉल्व्हरें यांवरील वस्तु-सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला आहे, हें हिशेब करतांना विसरूं नये.

किंमत पाहून ‘निडर’कडे मन ओढ घेईल. पण ०.२२ च्या काडतुसांत पेट घेणारें द्रव्य बुडाच्या कडेंत भरलेलें असतें, आणि अशा काडतुसांत न उडणारें एखादें निघण्याचा संभव मोठ्या मापापेक्षां अधिक. शिवाय गोळी बारीक आणि तिचा जोर कमी. हलकेपणाचें सुख बाळगतांना आहे; झाडतांना नाहीं. हत्यार जितकें हलकें तितका त्याचा धक्का मनगटास जास्त बसतो, आणि नळी जितकी आंखूड तितका नेम सहज चुकतो, कारण पुढच्या व मागच्या माशींतलें अंतर कमी झाल्यानें डोळ्याची केसभर चूक लक्ष्यावर वीतभर होते. पूर्ण आकाराच्या हत्याराचा नेम लहानग्याला येत नाहीं, हें किंमतीइतकेंच लक्षांत ठेवावें.

रिव्हॉल्व्हर कीं पिस्तूल, या प्रश्नावर माझें मत स्पष्ट आहे. पिस्तूल चपटें असतें, सदऱ्याखालीं उठून दिसत नाहीं, गोळ्या एक-दोन अधिक घेतें. पण त्यांतलें काडतूस उडालें नाहीं तर दोन्ही हात लावून वरचा पत्रा मागें ओढावा लागतो. आणि मॅगझिन काढलें म्हणजे पिस्तूल रिकामें झालें, हा गैरसमज फार माणसांच्या जिवावर बेतलेला आहे. नळींत एक काडतूस राहिलेलें असूं शकतें. रिव्हॉल्व्हरचें तसें नाहीं. चक्री उघडली कीं आंत काय आहे तें लहान मुलालाहि दिसतें. गोळी उडाली नाहीं तर चाप पुन्हां ओढावा, दुसरी समोर येते. चाप जड असतो, त्यामुळें नेम थोडा बिघडतो, पण तोच जडपणा अनवधानाच्या स्पर्शापासून कांहीं अंशीं वांचवितो. जो मनुष्य दर महिन्यास सराव करणार आहे त्यानें खुशाल पिस्तूल घ्यावें. जो करणार नाहीं, आणि खरें सांगावयाचें तर बहुतेक करीत नाहींत, त्यानें कानपुरी रिव्हॉल्व्हरवर समाधान मानावें. वापरलेलें घेत असाल तर नळी उजेडाकडे धरून आंत गंजाचे खड्डे आहेत काय तें पहा. रिकाम्या हत्याराचा घोडा मागें ओढून चक्री डुगडुगते काय तें पहा. डुगडुगली तर विक्रेता कितीहि ओळखीचा असो, नमस्कार करून परत या.

लपवून बाळगण्याविषयीं एक चमत्कारिक गोष्ट आहे. इतर कांहीं देशांत हत्यार झांकून नेण्यास निराळी परवानगी लागते. आपल्याकडे उघडें नेणेंच मना आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणें सार्वजनिक ठिकाणीं पिस्तूल त्यासाठींच केलेल्या खोळींत अंगास बांधलेलें किंवा तशाच पिशवींत असावें, पूर्णपणें झांकलेलें असावें, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा असावा. तें कोणास दाखवून दरडावणें हा गुन्हा, आणि वरातींत हवेंत बार काढणें हाहि गुन्हा. म्हणून खोळीचा खर्च किंमतींतच धरावा. चाप पूर्ण झांकील अशी, कठीण कातड्याची, पट्ट्याला घट्ट बसणारी खोळ पाहिजे. किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर पिस्तूल खिशांत टाकणारा गृहस्थ चोरापेक्षां स्वतःच्या मांडीला अधिक धोक्याचा. भिवंडीकरांना आणखी एक सूचना: कारखान्यांत सुताचे तंतू हवेंत तरंगत असतात, आणि तेल लावलेल्या यंत्रावर ते चिकटून गोंदासारखा थर धरतात, पावसाळ्यांत कातडें ओल धरतें. म्हणून रात्रीं हत्यार खोळींतून काढून, पुसून, तेलाचा अगदीं पातळ हात देऊन ठेवावें. काडतुसांना मात्र तेल लागूं देऊं नये.

परवाना भिवंडी शहरांत राहणाऱ्यास ठाण्याच्या पोलीस आयुक्तांकडे मागावा लागतो. तालुक्यांतील ग्रामीण भागास जिल्हादंडाधिकारी. वय २१ पूर्ण, प्रकृतीचा व मनःस्थितीचा वैद्यकीय दाखला, हत्यार हाताळण्याच्या शिक्षणाचा दाखला, पोलिसांची चौकशी, आणि हत्यार सुरक्षित ठेवण्याची हमी इतकें पाहिजे. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवाना पांच वर्षांचा असतो. हें सारें कटकटीचें वाटून कोणी गांवठी कट्ट्याचा विचार करील तर त्याच दुरुस्तीनें विनापरवाना हत्यार जवळ ठेवण्यास किमान दोन व कमाल पांच वर्षें कैद ठेवली आहे. शिवाय तसल्या नळ्या धरणाऱ्याच्याच हातांत फुटतात.

अर्जांत कारण लिहावें लागतें. तें आयुक्तांस सांगण्यापूर्वीं स्वतःस सांगून पहावें. भीति कशाची आहे? वाटेंत गांठून रोकड लुटणाऱ्याची असेल तर ती खरी भीति आहे, आणि दरोड्याच्या प्रसंगीं स्वसंरक्षणाचा हक्क १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंतहि पूर्वींप्रमाणेंच आहे. परंतु पिशवी हिसकावून पळत सुटलेल्याच्या पाठींत गोळी घालण्याचा हक्क त्यांत नाहीं, हक्क गरजेपुरताच. आणि मजुरी बँकेमार्फत किंवा फोनवरून देतां येते त्या दिवसांत रोकड नेण्याचीच कितपत जरूरी आहे, हा हिशेब पिस्तुलाच्या किंमतीआधीं करावा.

दुसरी एक भीति आहे, तिचें नांव भिवंडींत कोणी मोठ्यानें घेत नाहीं. ७ मे १९७० रोजीं शिवजयंतीच्या मिरवणुकींत जो दंगा पेटला, ज्याची चौकशी न्यायमूर्ति मादन यांच्या आयोगानें केली, तो आणि १९८४ सालचा दंगा ज्यांनीं पाहिला त्या घरांतून ‘वेळ आली तर असावें’ हें वाक्य अजून ऐकूं येतें. पण शेंकडोंच्या जमावापुढें सहा गोळ्या म्हणजे काय? पहिला बार झाला कीं घर कोणतें तें सर्वांस कळतें. उलट १९८८ मध्यें पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनीं मोहल्ल्यामोहल्ल्यांतून दोन्ही समाजांच्या माणसांच्या समित्या बसविल्या, आठवड्याच्या बैठकींत भांडणें लहान असतांनाच मिटूं लागलीं, आणि डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्यें मुंबई जळत असतांना भिवंडी शांत राहिली. या दुसऱ्या भीतीसाठीं पिस्तूल घेणाऱ्यास मी नको म्हणेन. शिवाय निवडणुका आल्या कीं पुष्कळ परवानेदारांस हत्यार ठाण्यांत जमा करावें लागतें. जमा करतांना पावती घ्या, तींत क्रमांक बरोबर लिहिला आहे कीं नाहीं तें वाचा.

राहतां राहिलें घर. १ ऑक्टोबर २०२४ रोजीं पहाटे मुंबईंत अभिनेते गोविंदा यांचें परवान्याचें रिव्हॉल्व्हर कपाटांत ठेवतांना खालीं पडलें आणि गोळी त्यांच्याच पायांत, गुडघ्याखालीं घुसली. चोर नव्हता, भांडण नव्हतें. हत्यार भरलेलें होतें एवढेंच. तेव्हां विकत घेतांना विचारावें कीं पडल्यावर घोडा काडतुसावर आपटूं नये अशी योजना यांत आहे काय. आणि उत्तर कांहींहि असो, घरांत शिरतांच तें रिकामें करावें. हत्यार एका कुलपांत, काडतुसें दुसऱ्या, आणि दोन्ही किल्ल्या मुलांच्या हातीं न पडतील अशा. सरावासाठीं वरळीस महाराष्ट्र रायफल असोसिएशनसारख्या जागा आहेत; तिकडील फेऱ्यांचा आणि काडतुसांचा खर्च वर्षाच्या अंदाजांत मांडावा. तो जमत नसेल तर पिस्तूल परवडत नाहीं असेंच समजावें, मग दुकानदारानें किंमत कितीहि उतरवो.

आणि खरेदीपूर्वीं पत्नीस विचारावें. ती ‘नको’ म्हणाली तर तिचें कारण नीट ऐकावें, कारण दिवसभर त्या कपाटाशेजारीं तीच वावरणार आहे. ‘हो’ म्हणाली तर परवान्याची प्रत व खरेदीची पावती कोठें आहे तें तिला दाखवून ठेवावें. परवानेदाराच्या मृत्यूनंतर तें हत्यार घरांत ठेवण्याचा अधिकार कोणासहि आपोआप येत नाहीं. तें पोलीस ठाण्यांत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसानें स्वतःच्या नांवें अर्ज करावा लागतो. परवानेदार ७० वर्षांचा झाल्यावर, किंवा हत्यार २५ वर्षें बाळगल्यावर, हयातींतच तें वारसाच्या नांवें करण्याची सोय २०१६ च्या नियमांत आहे. घरांत कोणास तें हवेंच असेल तर ती वेळेवर साधावी, आणि कोणास नको असेल तर त्याच वेळीं रीतसर विकून टाकावें.